नटाचं आत्मचरित्र वाचताना चित्रपटांची यादी शेजारी ठेवावी का?

रीळ_क्रमांक_सात

ज्या नटाचे किंवा नटीचे सगळे सिनेमे तोंडपाठ आहेत, त्यांचं आत्मचरित्र हातात आलं की चाहत्याचं वाचन सरळ होत नाही. साल, दिग्दर्शक, गाणी, सहकलाकार सगळं त्याला आधीच ठाऊक असतं. पहिल्या पन्नास पानांत एखादं साल चुकलेलं दिसतं आणि त्यानंतर डोळा मजकुरावर ठरत नाही, चुका वेचत सुटतो. दुसरी अडचण अशी की जो सिनेमा आपल्या सर्वांत जिव्हाळ्याचा, त्यावर दीड पान असतं आणि ज्याचं नाव कुणाच्या ओठावर नाही त्याच्यावर अख्खं प्रकरण.

म्हणून दोन प्रश्न. यादी शेजारी ठेवून वाचावं की नुसतं वाचत जावं? आणि त्या दीड पानाचं काय करायचं? मराठी पुस्तकांवर बोलू या, विशेषतः 'सांगत्ये ऐका', 'मी, दुर्गा खोटे', डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण', दादा कोंडक्यांचं 'एकटा जीव' यांसारख्या.

शुक्रवारचा_खेळ

पहिलं वाचन यादीशिवाय. हातात फक्त मऊ पेन्सिल, आणि समासात तीनच खुणा. सालाचा उल्लेख आला की 'सा'. कुणाबद्दल काही बरं-वाईट म्हटलं असेल तर 'व्य'. आणि लेखकाने स्वतः न पाहिलेली, दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट असेल तर 'ऐ', म्हणजे ऐकीव. ही तिसरी खूण सर्वांत कामाची. 'म्हणे', 'नंतर कळलं', 'सगळे सांगतात' असे शब्द ओझरते येऊन जातात आणि वाचणारा ते प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगात मिसळून टाकतो.

अनुक्रमणिका

@शुक्रवारचा_खेळ, असहमत. यादी पहिल्यापासून हवी. आत्मचरित्रं सरळ काळाने चालत नाहीत. आईच्या आजारपणावरून लेखक दहा वर्षं पुढे जातो, मग मागे येतो, आणि 'त्याच सुमारास' म्हणजे कोणत्या सुमारास हे यादी नसेल तर कळत नाही. मात्र यादीत एक साल नको, तीन हवीत: चित्रीकरणाचं, सेन्सॉर प्रमाणपत्राचं आणि प्रदर्शनाचं. निम्म्या 'चुका' इथेच मिटतात. 'सामना' घ्या. कुठे १९७४ लिहिलेलं सापडतं, कुठे १९७५. बर्लिनच्या महोत्सवात तो १९७५ साली होता. नटाने यातलं कोणतंही साल लिहिलं तरी त्याला खोटं पाडायचं कारण नाही. नटाला बहुधा चित्रीकरणाचं साल आठवतं, चाहत्याला तिकीट काढल्याचं.

पिटातला

+१. आणि पूर्वी प्रती मोजक्या असायच्या. एका शहरात खेळ संपले की तीच पेटी पुढच्या गावाला. म्हणून मुंबई, पुणे, कोल्हापूर इथली प्रदर्शनाची तारीख एकच असेल असं धरू नका.

तबकडी७८

तारीख पक्की करायची एक रीत लिहून ठेवतो, थोडी किचकट आहे पण चालते.

जुन्या दैनिकांतल्या चित्रपटगृहांच्या जाहिराती बघायच्या. त्यात 'आठवडा ११ वा', 'रौप्यमहोत्सवी २५ वा' असं छापलेलं असतं. २५ वा आठवडा सुरू झाल्याची जाहिरात मिळाली की तिथून २४ आठवडे, म्हणजे १६८ दिवस मागे जायचं. तो प्रदर्शनाचा दिवस.

चुकतं कुठे ते सांगतो. पहिलं म्हणजे २४ च्या जागी २५ ने गुणलं जातं आणि सगळं सात दिवसांनी सरकतं. दुसरं, चित्रपट मधेच दुसऱ्या थिएटरात हलवला तर काही जाहिराती एकूण आठवडे मोजतात, काही नव्याने १ पासून. म्हणून थिएटरचं नाव सोबत टिपा. तिसरं, सगळे सिनेमे शुक्रवारीच लागत असं गृहीत धरतात. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला लागला, तो शनिवार होता. 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२, तोही शनिवार. बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांत शुक्रवारचा हिशेब लावला तर एक दिवस चुकतो.

कोणतं वर्तमानपत्र बघायचं हेही सालावर ठरतं. 'लोकसत्ता' १९४८ पासून, 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ पासून. त्याआधीसाठी 'केसरी'सारख्या जुन्या पत्रांकडे जावं लागतं.

शुक्रवारचा_खेळ

@तबकडी७८, उत्तम. यात सणांची भर घाला. आत्मचरित्रात तारीख क्वचित असते, 'दसऱ्याला लागला', 'पाडव्याला मुहूर्त झाला' असं असतं. त्या सालचं पंचांग काढलं की तारीख मिळते. अधिक महिना असलेल्या वर्षी सण मागच्या वर्षापेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा येतात, त्यामुळे अंदाजाने दिवाळी ऑक्टोबरअखेर धरू नका.

सुलभा_वाचते

सालांची चर्चा छान आहे, पण पुस्तक कुणाच्या हातचं आहे हे आधी पाहायला नको का? 'सांगत्ये ऐका' हंसा वाडकरांनी सांगितलं आणि शब्दांकन अरुण साधूंनी केलं. 'एकटा जीव'चं शब्दांकन अनिता पाध्ये यांचं. 'मी, दुर्गा खोटे' आणि 'लमाण' यांची जात वेगळी, तिथे लेखणी खुद्द त्यांच्या हातात आहे. सांगितलेल्या पुस्तकात प्रश्न गाळलेला असतो आणि उत्तर तेवढं राहतं. परिच्छेद अचानक 'नाही, तसं काही नव्हतं' अशा सुरात सुरू झाला की समजावं, इथे कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. तो न छापलेला प्रश्न समासात लिहून बघा. प्रकरण उलगडतं.

लिहिलेल्या पुस्तकात उलट असतं. वाक्यं घडवलेली असतात, आणि अवघड प्रसंगाशी वाक्यं लांब होत जातात किंवा एकदम तुटतात. 'सांगत्ये ऐका' लहान आणि तुटक आहे म्हणून अपुरं वाटू देऊ नका. बोलणाऱ्या बाईचा श्वास त्यात तसाच राहिला आहे. शीर्षकातलं 'सांगत्ये' सुद्धा बोलण्यातलंच आहे.

रीळ_क्रमांक_सात

@सुलभा_वाचते, हा मुद्दा डोक्यात नव्हता. मग संवादांचं काय? तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं बोलणं अवतरणचिन्हांत शब्दशः छापलेलं असतं.

सुलभा_वाचते

कोण काय म्हणालं याचा आशय घ्यायचा, शब्द नाही. एक कसोटी आहे. पुस्तकातली तीन-चार वेगवेगळी माणसं एकाच धाटणीत बोलत असतील तर ती भाषा लेखकाची किंवा शब्दांकन करणाऱ्याची. एखाद्याच्या तोंडी वेगळी बोली, वेगळी शिवी, वेगळं संबोधन टिकलं असेल तर ते वाक्य बरंचसं खरं आठवलेलं असतं. कोल्हापूरकडच्या माणसाचं बोलणं लक्षात राहतं ते असं.

भूमिका_नाही

'सांगत्ये ऐका' वाचणाऱ्यांसाठी: याच नावाचा अनंत मान्यांचा चित्रपट १९५९ चा, हंसाबाई त्यात आहेत, आणि पुस्तक त्याच्या बऱ्याच नंतरचं. त्या पुस्तकावर आधारलेला श्याम बेनेगलांचा 'भूमिका' १९७७ चा, हंसाबाई गेल्यानंतरचा. १९७१ साली त्या गेल्या. 'भूमिका' आधी पाहिला असेल तर स्मिता पाटीलचा चेहरा आणि त्यातले प्रसंग पुस्तकात घुसतात. चित्रपटातल्या नायिकेचं नाव उषा आहे, हंसा नव्हे, हे ध्यानात ठेवून दोन्ही वेगळे ठेवा. आधी पुस्तक, मग हंसाबाईंचे 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि 'सांगत्ये ऐका', आणि शेवटी 'भूमिका', हा क्रम बरा.

पिटातला

सहमत. 'रामजोशी' आधी बघा, बाकी सगळं नंतर.

टेलिसिने

आता एक तक्रार नेहमी येते, की 'पुस्तकात वर्णन केलेला प्रसंग सिनेमात नाहीच, म्हणजे नट विसरला'. असं म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी. बऱ्याच प्रतींच्या सुरुवातीला ते दिसतं, त्यावर तारीख, रिळं आणि लांबी असते. ३५ मिमी बोलपट मिनिटाला ९० फूट पळतो. फुटांना ९० ने भागा, मीटर असतील तर २७.४ ने. १४,००० फूट म्हणजे साधारण १५५ मिनिटं.

२. तुमच्या हातातली प्रत किती मिनिटांची. इथे एक फसगत होते. दूरचित्रवाणीसाठी उतरवलेल्या बऱ्याच प्रती सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेम) चालतात. १५५ मिनिटांचा सिनेमा १४९ मिनिटांत संपतो आणि एकही दृश्य कापलेलं नसतं. ओळखायची खूण म्हणजे गाण्याचा सूर. मूळ ध्वनिमुद्रिकेपेक्षा तो थोडा चढलेला लागतो, अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाएवढा. याहून जास्त तूट असेल तर मात्र कात्री लागलेली आहे. व्हीसीडीवर एका चकतीत ७४ ते ८० मिनिटंच मावायची, म्हणून दोन चकत्यांत बसवताना गाणी आणि विनोदी प्रवेश आधी उडायचे.

३. गाण्यांची पुस्तिका. थिएटरात मिळायची ती. त्यात कलाकारांची नावं, कथासार आणि सगळी गाणी असायची. पुस्तिकेत गाणं आहे आणि पडद्यावर नाही, तर ते चित्रित होऊन कापलं गेलं असण्याची शक्यता मोठी. नटाची आठवण तिथे बरोबर ठरते.

तबकडी७८

@टेलिसिने, सूर जुळवताना ध्वनिमुद्रिकेवरही आंधळा विश्वास नको. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात. चित्रपटात गाणं पाच मिनिटांचं असेल तर तबकडीवर कडवं कमी, किंवा लय वाढवून पुन्हा गायलेलं. सुरुवातीच्या पार्श्वगायनाच्या तबकड्यांवर गायिकेऐवजी पात्राचं नाव छापत. 'महल'च्या (१९४९) तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' होतं. नटीने 'माझी गाणी' म्हटलं की ती स्वतः गायली असं समजण्याआधी ती पडद्यावर गायली एवढंच म्हणते आहे का, ते बघा. अर्थात १९३० च्या दशकातल्या नट-नट्या खरोखर स्वतः गात होत्या.

अनुक्रमणिका

अवांतर, पण याच ओघात छायाचित्रं. आत्मचरित्रातले फोटो बहुतेक वेळा सिनेमाच्या चौकटी नसतात. स्थिरचित्रण करणारा वेगळा माणूस असतो. तो दृश्य झाल्यावर नटांना पुन्हा उभं करून फोटो घेतो, कोन वेगळा, उजेड वेगळा. कधी कधी जाहिरातीसाठी सिनेमात नसलेली जोडीही उभी केलेली असते. फोटोखालच्या ओळी प्रकाशनाच्या वेळी लिहिल्या जातात, त्यामुळे तिथलं साल चुकलं तर ते लेखकाच्या नावावर टाकू नका.

दोन_आणे

पैशांचं कुणी बोललं नाही. 'मला अमुक रुपये मिळत' वाचून लगेच आजच्या रुपयात गुणायला बसू नये. आधी बघा, ते दरमहाचे आहेत की एका चित्रपटाचे. 'प्रभात'सारख्या कंपनीत नट पगारावर असत, पुढच्या काळात एकेका चित्रपटाचा करार आला. एकच आकडा दोन्हीकडे अगदी वेगळा दिसतो. मग त्याच पुस्तकातलं दुसरं काही शोधा: खोलीचं भाडं, तिकिटाचा दर, शाळेची फी. त्याच्याशी तुलना करा.

आणि नाण्यांवरून काळ कळतो. रुपयाचे १६ आणे १९५७ पर्यंत, १ एप्रिल १९५७ पासून १०० नवे पैसे. प्रसंगात 'नवे पैसे' आले तर तो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. 'आणे' मात्र बोलण्यात नंतरही टिकले, तेव्हा आण्यांवरून उलटा निष्कर्ष काढू नका.

प्रभातफेरी

@शुक्रवारचा_खेळ यांच्या 'व्य' खुणेकडे परत येतो. कुणाबद्दल कडवट लिहिलं असेल तर त्याच काळाचं दुसरं पुस्तक उघडावं. 'प्रभात'पुरतं हे फार छान जमतं. दुर्गाबाईंचं पुस्तक आहे, व्ही. शांताराम यांचं 'शांतारामा' आहे, बापू वाटव्यांचं 'एक होती प्रभातनगरी' आहे. कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्यात आली, शांतारामबापू १९४२ ला बाहेर पडले. ही तीन वर्षं कागदावर लिहा आणि प्रत्येक पुस्तकात त्यांच्या आसपास कोण किती बोलतं ते पाहा. भागीदार पाच होते: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. कोणत्या पुस्तकात यातलं कुणाचं नाव जवळजवळ येतच नाही, हे मोजलं तरी बरंच कळतं.

आणखी एक. 'प्रभात'चे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन झाले. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१). 'शेजारी'त गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते, 'पडोसी'त मझहर खान. आठवण सांगणाऱ्याच्या मनात दोन्ही सेट एक झालेले असतात. 'त्या दृश्याला आठ वेळा तालीम झाली' म्हटलं तर ती कोणत्या भाषेतली, हे वेगळं बघावं लागतं.

सुलभा_वाचते

@प्रभातफेरी, तीन पुस्तकं सारखंच सांगतात म्हणून ते खरं, असंही होत नाही. नंतरच्याने आधीचं वाचलेलं असतं. 'मी, दुर्गा खोटे' १९८२ चं, 'शांतारामा' १९८६ चं.

प्रभातफेरी

मान्य. म्हणूनच जुळणाऱ्या भागापेक्षा न जुळणारा तपशील जास्त मोलाचा.

तालीम_पाच_वाजता

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. त्या दीड पानाला.

चाहता सिनेमा बघतो तो सलग, पुन्हा पुन्हा. नटाने तो सलग केलेलाच नसतो. शेवटचं दृश्य पहिल्या दिवशी, नायिकेशी भांडण आधी आणि ओळख नंतर, मधे दुसऱ्या सिनेमाच्या तारखा. एखाद्या सहायक भूमिकेचं सगळं काम सात-आठ दिवसांत उरकतं. आपण तीस वेळा पाहिलेलं दृश्य त्याने एका दुपारी उन्हात, दिवे पुरेनात म्हणून घाईत दिलेलं असतं. पुढे डबिंगच्या खोलीत त्याच वाक्याचा तुकडा गोल जोडून पुन्हा पुन्हा फिरवत, आणि ओठ जुळेपर्यंत नट तेच म्हणत राही. त्याला ते दृश्य आठवतं ते बऱ्याचदा तिथलं, काळोखातलं.

म्हणून दीड पान वाचताना त्यात तीन गोष्टी शोधा: किती दिवस काम केलं, कुठे केलं, आणि समोर कोण होतं. या तिन्ही मिळाल्या तर दीड पान पुष्कळ झालं. आणि ज्याच्यावर अख्खं प्रकरण आहे तो पडलेला सिनेमा शोधून जरूर बघा. तिथे नटाने काहीतरी नवं करून पाहिलेलं असतं, किंवा त्या वर्षी घरात काहीतरी घडलेलं असतं. पुस्तक ते सांगत असतं आणि चाहता पान उलटून पुढे जातो.

भूमिका_नाही

हे वाचून 'लमाण' आठवलं. डॉ. लागूंचं पुस्तक हे मुख्यतः नाटकवाल्याचं पुस्तक आहे. हिंदी सिनेमांतले लागू शोधायला जाणारा नाराज होतो. पण नाव नीट वाचलं की कळतं. लमाण माल इकडून तिकडे नेतो, माल त्याचा नसतो. नट म्हणजे लेखकाचा माल वाहणारा, ही त्यांची धारणा. मग साहजिकच जास्त पानं त्या मालाला मिळतात, 'नटसम्राट'सारख्या नाटकांना. २३ डिसेंबर १९७० चा पहिला प्रयोग आणि 'पिंजरा' (१९७२) यांच्यात किती थोडं अंतर आहे, ते यादी शेजारी असली तरच दिसतं. रंगमंचावर 'नटसम्राट'चे बेलवलकर सुरू असताना पडद्यावर 'पिंजरा'तला मास्तर उभा राहत होता.

अनुक्रमणिका

बघा, यादी हवीच. :)

शुक्रवारचा_खेळ

@अनुक्रमणिका, दुसऱ्या वाचनाला. पहिल्याला नाही. 'लमाण'मध्ये लागूंचं नाटकाबद्दलचं म्हणणं सलग वाचल्याशिवाय त्या दोन तारखांना अर्थ येत नाही.

रीळ_क्रमांक_सात

सर्वांचे आभार. दोन्ही पक्ष ऐकून असं ठरवतो: पहिलं वाचन सरळ, समासात सा-व्य-ऐ. दुसऱ्याला तीन सालांची यादी, आणि जिथे 'सा' आहे तेवढंच तपासायचं. मागे नामसूची नसते मराठी पुस्तकांना, ती स्वतः करायची असेल तर रीत काय?

अनुक्रमणिका

वहीचा आडवा कागद, पाच रकाने: नाव, पान, पुस्तकातलं साल, सापडलेलं साल, कुठे सापडलं. माणसं आणि चित्रपट वेगळ्या कागदांवर. वरच्या कोपऱ्यात आवृत्ती लिहा. पुनर्मुद्रणात पानं बहुधा तीच राहतात, पण नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी बदलली की सगळे पानक्रमांक सरकतात. नवी आवृत्ती असेल तर मनोगताखालची तारीख आणि जुन्या आवृत्तीची प्रकरणं पडताळा, कधी एखादा मजकूर गाळलेला किंवा जोडलेला असतो.

टोपणनावं हा मोठा घोळ. 'अण्णा', 'बाबा', 'पापा', 'मास्तर' एकाच पुस्तकात दोन-दोन असतात. पहिल्यांदा जिथे पूर्ण नाव येतं ते पान गोल करून ठेवा.

दोन_आणे

आणि कागद पुस्तकात चिकटवू नका. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि खालचं पान घेऊन निघते. सुटा ठेवा, मलपृष्ठाच्या आत.

पिटातला

'रामजोशी' कुणाकडे बऱ्या प्रतीत आहे का? लांबी फुटांत कळली तर @टेलिसिनेंचा भागाकार करून बघू.